स्वच्छ आवाज

माझं नाव एका तबकडीच्या मागच्या बाजूला छापलेलं आहे. अक्षर इतकं बारीक की चष्म्याशिवाय दिसत नाही. 'ध्वनिमुद्रण' असा शब्द आणि पुढे मी. सुरुवातीला गावात दोघा-तिघांना दाखवली. पहिला प्रश्न, गाणी कुठली? गाणी नाहीत म्हटलं की माणूस तबकडी परत हातात द्यायचा आणि ऊसपाण्याचं बोलायला लागायचा. आता कुणाला दाखवत नाही. कपाटात कपड्यांच्या खाली ठेवली आहे.

माझा धंदा साऊंडचा. कामशेतच्या अलीकडे रस्त्याला लागून दुकान आहे. लग्नं, हळदी, बुद्धवंदना, पुढाऱ्यांची भाषणं, भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं, पडेल ते करतो. धंदा वडिलांनी सुरू केला. त्याच्या आधी आमच्या घरात हलगी होती. आजोबा गावकीची हलगी वाजवायचे. लग्न असो की मयत, बोलावणं आलं की जायचं आणि मिळेल ते ओट्याखाली उभं राहून घ्यायचं. धर्मांतर झालं आणि आजोबांनी हलगी सोडली. सोडली म्हणजे फोडली आणि चुलीत घातली. वडील मोठे झाल्यावर त्यांनी पुण्याहून एक जुना कर्णा आणि ॲम्प्लिफायर आणला, आणि आमच्या वस्तीतली वंदना पहिल्यांदा सगळ्या गावाला ऐकू गेली. तासाभरात वरच्या आळीतून निरोप आला, लय खरखरतंय, बंद करा. ते वडिलांच्या जन्मभर मनाला लागून राहिलं. धंद्यातलं म्हणून त्यांनी मला एकच शिकवलं. "आवाज स्वच्छ पायजे. आपल्याकडनं गेलेल्या आवाजाला कुनी नाव ठेवता कामा न्हाई."

म्हणून खरखरीशी माझं हाडवैर. वायरीतून हमिंग आलं तर मी जेवणावरून उठतो. बायको म्हणते, एवढं लक्ष माझ्या बोलण्याकडं दिलं असतं तर बरं झालं असतं.

सरांची ओळख झाली ती मावशींच्या फोनवरून. सर म्हणजे खंडाळ्याला दरीच्या कडेच्या एका जुन्या बंगल्यात राहणारे पेटीवादक, वय ऐंशीच्या घरात. मावशी त्यांच्या पत्नी, लोणावळ्याच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. सरांना फोनवर ऐकू येत नाही म्हणून त्या बोलत होत्या. "भाऊ, आमच्या ह्यांना रेल्वेच्या इंजिनाचा आवाज घ्यायचाय. तुम्ही घ्याल का? आणि घेताना हसणार नाही ना?"

मी हसणार नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर हसलो.

सर एके काळी मोठमोठ्या गवयांच्या साथीला बसायचे. मग चाळिशीत त्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्यांनी पेटी उघडली, आतले सूर रबर बांधून अडकवले, भात्यात वाळू भरलेली पिशवी ठेवली आणि त्या रडक्या आवाजाला संगीत म्हणायला लागले. गवयांनी बोलावणं बंद केलं. परदेशात म्हणे त्यांना फार मानतात. खंडाळ्यात मात्र त्यांची ओळख पेटीवाला येडा एवढीच. आता कान जवळजवळ गेले होते, यंत्र लावूनही उपयोग नव्हता. ही शेवटची तबकडी, आणि तिच्यात त्यांना या घाटातलं सगळं हवं होतं. त्यांना कुणी काही सांगायचं असेल तर ते पांढऱ्या पाटीवर मार्करने लिहून दाखवायचं आणि फडक्याने पुसायचं.

पहिलं काम इंजिनाचं. घाट चढताना गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं असतात, त्यांचा आवाज आम्ही एका पुलाजवळ बसून घेतला. मी हेडफोन लावून, सर माझ्या तोंडाकडे बघत. गाडी गेली तसं म्हणाले, "सांगा, कसा होता?"

मी पाटीवर लिहिलं, चांगला.

भडकले. "चांगला म्हणजे काय? माझे कान तुम्ही आहात. नीट सांगा."

मग मी लिहिलं, म्हातारा माणूस पोतं पाठीवर घेऊन जिना चढताना कण्हतो तसा. ते वाचून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि पुढचे सहा महिने मला सोडलं नाही. चिक्कीच्या भट्टीवर फरशीवर फिरणारं लाटणं, नवलाख उंबरे गावाला कंपनीच्या भिंतीबाहेरून ऐकू येणारा पत्रा दाबायचा प्रेस आणि पाळी सुटल्यावरच्या बसेस, धरणाचा भोंगा, तळेगावच्या सोसायटीतली लिफ्ट, सगळं घेतलं. एका तुकड्यात त्यांनी जुनी नाटकातली चाल वाजवली, तीही इतकी गोड की मी चाट पडलो. मी पाटीवर विचारलं, हे येत असताना ते कण्हणं कशाला? ते म्हणाले, "तेही येतं म्हणून."

एकदाच आमचं वाजलं. त्यांना तबकडीत हलगी हवी होती. "तुमच्या घरात असेल ना वाजवणारं कुणी?" असं सहज विचारून गेले. माझ्या कानशिलात आग झाली. रागावलो की माझी भाषा गावची होते. त्यांना ऐकू येत नव्हतं तरी मी ओरडलो, "आमी ती चुलीत घातली. ती सोडून काय पायजे ते मागा." आणि वायरी गुंडाळून निघालो.

दाराशी मावशी उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन पाटीवर काहीतरी लिहिलं. सर फाटकाबाहेर माझ्यामागे आले. म्हणाले, "मला माहीत होतं, तरी मागितलं. संगीताच्या नावाखाली माणूस किती हलकट होतो. चूक झाली माझी." ऐंशी वर्षांच्या माणसाने भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर मला हात जोडले. मी परत आलो. हे मुद्दाम सांगतो, कारण चूक कबूल कशी करायची हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

मावशींची फुप्फुसं खराब होत चालली होती. बोलताना दम लागायचा, तरी माझी थट्टा करायच्या. मला 'कर्णेवाले' म्हणायच्या. बंगल्यात रेकॉर्डिंग असलं की त्या चपला हातात घेऊन, बांगड्या कोपरापर्यंत सारून मागच्या दाराने बागेत जायच्या आणि आम्ही खूण करेपर्यंत थंडीत बसून राहायच्या. मी एकदा म्हटलं, मावशी, बसा की आत.

"नको गं बाई," म्हणाल्या, मग स्वतःच हसल्या. "बघा, शाळेची सवय. अहो भाऊ, चाळीस वर्षं हेच केलं. यांचं मशीन चालू झालं की कुकर बंद, नळ बंद, मी बंद. यांच्या इतक्या तबकड्या निघाल्या. कुत्र्याचं भुंकणं आहे, करवतीचा आवाज आहे. मी एकीतही नाही."

हसत म्हणाल्या, पण मला ते बरं वाटलं नाही. सरांच्या पाठीमागे बोलल्या होत्या. तरी सरांना ते कळलं असावं, कारण शेवटचा तुकडा त्यांनी मावशींच्या खोलीत घ्यायचा ठरवला.

तोपर्यंत मावशी पलंगाला लागल्या होत्या. शेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घरघरत असायचं. सर पेटी घेऊन पलंगाजवळ खाली बसले. माईक मावशींच्या उशाशी ठेवायला सांगितला. मला वाटलं, ऐकू येत नाही म्हणून जागा चुकतेय. मी पाटीवर लिहिलं, मशीनचा आवाज फार येईल. ते म्हणाले, "खोलीत आहे ते सगळं घ्या."

मशीन बंद करता येत नाही, म्हणून हा माणूस माझी अडचण समजून घेतोय, असं मला वाटलं. मी तसाच अर्थ लावला. तीस वर्षं मंडपात काढलेला माणूस दुसरा कुठला अर्थ लावणार?

त्यांनी एकच खर्जातला सूर मोकळा ठेवला होता. वाजवायचे, थांबायचे. पांघरुणाकडे बघत राहायचे. परत वाजवायचे. मावशी डोळे मिटून पडल्या होत्या. माझं सगळं लक्ष हेडफोनमधल्या घरघरीकडे. वीस मिनिटं चाललं. संपल्यावर सरांच्या कपाळावर घाम होता. मावशींनी डोळे उघडून मला विचारलं, "आले का मी?" मी हात वर करून हो म्हटलं. काय विचारलं ते त्या वेळी नीट ऐकलंही नव्हतं. मुद्रण बंद केलं होतं, पण हेडफोन कानावरच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो. सरांनी न सांगता मी पहिल्यांदाच त्यांना काहीतरी करून देणार होतो. त्यांच्यावर जीव बसला होता. कॉम्प्युटरला एकदा दाखवलं की हा कचरा, की तो तेवढाच आवाज सगळीकडून उपसून काढतो. मशीनची घरघर अशी गेली. पण तिच्याखालून श्वास निघाले. जड, ओढून घेतलेले, प्रत्येक वेगळा. ते कॉम्प्युटरला कळेनात. मग मी ते एकेक करून हाताने काढले, तांदळातले खडे काढावेत तसे. मध्ये एक लांब जागा अशी आली की काढायला काहीच नव्हतं, आधीच स्वच्छ. मला हायसं वाटलं, तेवढ्यात समोरून चहा मागवून प्यायलो. चार तासांनी पेटीचा तो एक सूर असा निघाला, जणू रिकाम्या देवळात कुणी वाजवतंय. मला माझाच अभिमान वाटला. वडील असते तर त्यांनाही वाटला असता.

साफ केलेलं ठेवलं, आधीचं काढून टाकलं. दोन-दोन ठेवत बसायला जागा कुणाकडे आहे? संध्याकाळी वडगावला हळद होती. रेकॉर्डरचं चांगलं कार्ड माझ्याकडे एकच. काम झालं की कार्ड पुसायचं आणि पुढच्या ऑर्डरला घ्यायचं, ही आमच्या धंद्याची रीत. तसं पुसलं आणि गेलो.

आठव्या दिवशी मावशी गेल्या.

चार दिवसांनी मी भेटायला गेलो. घरात माणसं होती, कुणीतरी मला चहा दिला. ऑक्सिजनचं मशीन भाड्याचं होतं, ते परत गेलं होतं. पलंगाची गादी उभी करून ठेवली होती. सरांनी मला जवळ बसवलं आणि ज्यांना ऐकू येत नाही ते बोलतात तसं मोठ्याने, सगळ्यांसमोर विचारलं, "तिचे श्वास नीट आलेत ना?"

मला काही कळेना. ते बोलतच होते. "आयुष्यभर तिला बागेत घालवली मी. या एका तुकड्यात ती वाजवतेय, मी नुसती साथ करतोय. तिचा श्वास संपला की माझा सूर. आलेत ना सगळे?"

पाटी माझ्या मांडीवर होती. मार्कर हातात होता. मी मान हलवली. मान हलवायला अक्षरं लागत नाहीत.

तिथून निघालो ते सरळ दुकानात. कार्डवर हळदीची गाणी होती. दुसऱ्या दिवशी पुण्याला एकाकडे गेलो, तो पुसलेले फोटो परत काढून देतो. त्याने दिवसभर खटपट करून जे काढलं त्यात नवरीच्या मामाचं भाषण होतं. एकदा मनात आलं, आपलेच श्वास घ्यावेत आणि त्या जागांवर बसवावेत. घेतलेही. माईक तोंडाशी धरून, पलंगावर आडवा पडून. ऐकले आणि पुसून टाकले. तेवढा निर्लज्ज मी नव्हतो, की तेवढी हिंमत नव्हती, अजून ठरत नाही.

सांगायला हवं होतं. रोज ठरवायचो, आणि रोज एखादी ऑर्डर यायची. तबकडी काढणारी पुण्यातली मंडळी तरुण होती, त्यांनी मी दिलेला तुकडा ऐकून माझी पाठ थोपटली. सरांना ऐकू येत नव्हतं. उरलेल्या कुणाला त्या खोलीत काय होतं ते माहीत नव्हतं. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं मी मनाला समजावलं. मन काय, आपलंच असतं, समजतं.

तबकडी निघाली. मोठी, काळी, जुन्या पद्धतीची. सात तुकडे. एका पेपरात तिच्याबद्दल छापून आलं. लिहिणाऱ्याला इंजिन आवडलं, चिक्की आवडली, आणि सगळ्यात जास्त आवडली ती शेवटच्या तुकड्यातली शांतता. मी ते कात्रण सरांना दाखवलं नाही. त्यांनीच मला दाखवलं. 'शांतता' या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "या माणसाला ऐकायचं कसं ते माहीत नाही."

मग म्हणाले, "भाऊ, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी याल? मला ऐकवायला?"

पद्धत अशी. डावा तळहात ते स्पीकरच्या लाकडी खोक्यावर ठेवायचे, खर्जाचा सूर त्यांना हाताला कळायचा. उजवा हात माझ्यापुढे धरायचे. जिथे मावशींचा श्वास येईल तिथे मी त्यांच्या हातावर बोट टेकायचं.

मी टेकलं. सूर संपला की एक, दोन. परत सूर. एक, दोन. त्या जागांवर माझ्या कानात काहीच नव्हतं, सगळं स्वच्छ. सर डोळे मिटून बसले होते, गालावरून पाणी वाहत होतं. घरी येऊन मी बायकोशी विनाकारण भांडलो. दुसऱ्या महिन्यात परत गेलो, परत टेकलं. माझा हात बसत चालला होता, हे सांगताना लाज वाटते. चांगला ठेका धरला होता मी.

तिसऱ्या सोमवारी घाटात धुकं होतं, दिवसा गाड्यांचे दिवे लागलेले. सर एकटेच होते. तुकडा लागला. अर्ध्यात एक लांब जागा येते, जिथे पेटी बराच वेळ गप्प आहे. मी बोट टेकलं, एक, दोन. थोडं थांबून, तीन, चार. सरांनी हात काढून घेतला आणि तबकडीवरची सुई उचलली.

"इथे तिने श्वास घेतलाच नव्हता," ते म्हणाले. "मी पांघरुणाकडे बघत होतो. हललं नाही. मला वाटलं, गेली. म्हणून माझा हात थांबला. किती वेळ थांबला होता, मला माहीत आहे. तुम्ही तिथे चारदा बोट ठेवलंत. तिन्ही महिने."

ती जागा मला माहीत होती. तिथेच मी चहा मागवला होता.

"ती इतकी लयीत श्वास घेत नव्हती हो शेवटी," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी पाटी ओढली. लिहिलं, श्वास नाहीत. आवाज स्वच्छ करताना मी काढले. कार्डही पुसलं. 'पुसलं' दोनदा लिहावं लागलं. आणखी लिहिणार होतो, वडिलांचं, वरच्या आळीचं, खरखरीचं. जागा संपली होती आणि ते सगळं खरं असूनही त्यातलं काही कामाचं नव्हतं.

त्यांनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग फडक्याने पाटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसली आणि माझ्या हातात दिली.

"मला ऐकू येत नाही, याचं काही नाही," म्हणाले. "मला वाटायचं, निदान बाकीच्यांना तरी ती ऐकू येते."

पाटी मी खाली ठेवली. मी उठलो. सर पलंगाच्या जागेकडे बघत बसले होते, तिथे आता पुस्तकांची खोकी आहेत. चपला मी मागच्या दाराशी काढल्या होत्या. त्या हातात घेतल्या आणि बागेतून तशाच फाटकापर्यंत नेल्या. त्यांना काही ऐकू येणार नव्हतं, तरी पाय वाजू द्यायची हिंमत झाली नाही.